दाराची काच: दुरुस्त का नवीन, आणि नवीन बसवूनही परत तीच कटकट का

गाडीच्या दाराची काच बिघडली की लोक दोनच गोष्टी विचारतात, दुरुस्त होईल का आणि नवीन कितीला बसेल. मी दाराचंच काम करतो, पॅड म्हणजे दाराचं आतलं आवरण खोलणं, काच वर-खाली करणारी मशीन बदलणं, काच बसवणं हेच दिवसभर, त्यामुळं हा प्रश्न सारखा येतो आणि मी आधी उलटं विचारतो की काचेलाच काही झालंय का काच धरणाऱ्या सामानाला. काचेला तडा गेला असेल किंवा कडेचा टवका उडाला असेल तर ती बदलायचीच, त्यात दुसरा विचार नाही. पण काच खाली पडली, तिरकी झाली, अर्ध्यात अडकली, वर जाताना करकरते, उभे ओरखडे पडलेत, अशा वेळी बहुतेकदा काच चांगली असते आणि दुखणं दाराच्या आत असतं. ते आतलं दुखणं तसंच ठेवून नुसती काच बदलली की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत परत तेच, मग माणूस म्हणतो काच हलकी दिली. काच हलकी नव्हती ओ, दार कुणी साफच केलं नव्हतं.

आधी तड्याचं बघू. पुढच्या काचेला खडा लागून टिकलीएवढा डाग पडला तर त्यात रेझिन म्हणजे पातळ पारदर्शक गोंद भरून मिळतो, बऱ्याच जणांनी ते करून घेतलेलं असतं, म्हणून दाराच्या काचेलाही तसंच काहीतरी करून द्या म्हणतात. ते होत नाही, आणि का होत नाही ते माहीत असू द्या म्हणजे कुणी होतं म्हणून पैसे मागितले तर फसणार नाही. पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचा आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा थर. दगड लागला की बाहेरची काच दुखावते, मधला थर आणि आतली काच शाबूत राहते, त्यामुळं रेझिनला बसायला जागा आणि मागून आधार दोन्ही मिळतं. दाराची काच एकेरी असते आणि टफन केलेली असते. कारखान्यात तिला ६०० अंशाच्या वर तापवतात आणि लगेच दोन्ही बाजूंनी गार हवेचे झोत मारतात, वरचा थर आधी कडक होतो, आतला मागाहून थंड होत आकसतो आणि वरच्याला आवळून धरतो. म्हणजे काचेत कायमचा ताण भरलेला असतो, वरच्या थरात दाब आणि आतल्या थरात ओढ, आणि त्याच्यामुळंच ती तेवढ्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा चार-पाच पट दणकट असते. पण तो वरचा दाबाचा थर कुठं एका जागी भेदला गेला की सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचा बारीक तुकड्यांचा ढीग होतो. लांब धारदार तुकडे होऊन कुणाच्या गळ्यात घुसू नयेत म्हणून ती मुद्दामच तशी बनवलेली असते.

म्हणून टफन काचेला तडा गेला आणि ती आठ दिवस तशीच उभी राहिली असं सहसा होत नाही. तुमच्या दाराच्या काचेवर लांब रेघ दिसतेय आणि काच जागेवर आहे तर नखानं तपासा. एकतर तो ओरखडा असेल. नाहीतर काच आधीच पूर्ण फुटलेली असेल आणि आतून लावलेल्या फिल्मनं तुकडे धरून ठेवलेले असतील, अशी काच जाळी पडल्यासारखी दिसते, तिचं बटण चुकूनही दाबू नका, खाली जाताना सगळी दाराच्या पोटात सांडते. तिसरं म्हणजे काच लॅमिनेटेड असेल, काही महागड्या गाड्यांना आवाज कमी यावा म्हणून पुढच्या दारांना तशी काच येते, तिला तडा जाऊनही ती उभी राहते, पण ती सुद्धा बदलायचीच कारण वर-खाली सरकणाऱ्या उघड्या कडेच्या काचेत तडा पुढं पळतच राहतो. आणि चौथं, जे मला सगळ्यात जास्त खुपतं, कुणीतरी आधी साधी काच कापून बसवलेली असेल.

हे साध्या काचेचं जरा थांबून सांगतो. जुन्या गाडीची काच लवकर मिळत नाही, मग कुणीतरी म्हणतं फ्रेमच्या दुकानात नेऊन कापून घेऊ, जाडी तेवढीच आहे. टफन काच एकदा टफन झाली की नंतर ती कापता येत नाही, घासून आकार देता येत नाही, भोक पाडता येत नाही, हत्यार लावलं की तिचा चुरा होतो. म्हणजे तुमच्यासमोर जी काच कापली जातेय ती टफन नाहीच, खिडकीला लावतात ती साधी काच आहे, आणि अपघातात तिचे लांब धारदार तुकडे होतात. मागच्या सीटवर लेकरं बसतात. जुन्या जीपसारख्या गाडीला सपाट काच लागत असेल तर पुठ्ठ्याचा साचा काढून आधी कापून, भोकं पाडून, मग टफन करून मागवता येते, थोडे दिवस जातात पण तोच रस्ता बरोबर आहे. कारच्या दाराची काच बाक असलेली असते, ती तशी गावात होत नाही, ती कंपनीचीच किंवा चांगल्या ब्रँडची घ्यावी लागते.

काच कुठली आहे हे ओळखायला कोपऱ्यातला शिक्का वाचा. टफन्ड किंवा टेम्पर्ड, नाहीतर लॅमिनेटेड असं छापलेलं असतं, सोबत आयएसआयचं चिन्ह आणि आयएस २५५३ हा गाडीच्या सेफ्टी काचेचा नंबर, आणि बनवणाऱ्याचं नाव, बहुतेक गाड्यांवर असाही किंवा सेंट गोबेन सेक्युरिट दिसेल. शिक्काच नसेल तर ती काच घेऊ नका, कितीही स्वस्त असू दे.

आता मेमधे सोलापूरचा पारा ४२-४४ ला टेकतो तेव्हा ऐकू येणारी गोष्ट, गाडी उन्हात उभी होती आणि काच आपोआप फुटली. नुसत्या उन्हानं धड टफन काच फुटत नाही, ती साधारण दोनशे अंशांचा फरक सोसते, तापलेल्या दारावर गार पाणी ओतलं तरी तिला काही होत नाही. फुटते ती आधीच कडेला टवका उडालेली काच. तो टवका काचेच्या खालच्या कडेला किंवा मागच्या कोपऱ्यात असतो, रबराच्या आड, दिसत नाही, आणि मग उन्हाचं निमित्त होतं किंवा कुणी दार जोरात आपटलं की संपलं. म्हणून काच पूर्ण खाली करून, मग हळूहळू वर घेत, वरच्या आणि बाजूच्या कडेवरनं हलक्या हातानं कापड फिरवा, कुठं कापडाचा धागा अडकला तर तिथं टवका आहे. तशी काच लांबच्या प्रवासाला निघायच्या आधी बदला, टेंभुर्णीच्या पुढं हायवेवर रात्री फुटली तर पुण्यापर्यंत वारा खात जावं लागतं.

इथपर्यंत काचेचं झालं. आता ज्या तक्रारी परत परत येतात त्या.

काच दारात पडली. बटण दाबून मोटरचा आवाज ऐका, रेडिओ बंद करून, कान दाराला लावून. मोटर फिरतेय पण काच हलत नाही तर काच आणि मोटर यांच्यामधलं काहीतरी तुटलंय. हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत केबलची मशीन असते, बारीक तारेवर प्लास्टिकची घोडी सरकते आणि ती काचेला धरते, ही घोडी उन्हानं ठिसूळ होऊन तुटते नाहीतर तार उसवून ती गुंडाळायच्या ड्रमवर गुंतते. तार गुंतताना करकर कडकड असा आवाज येतो, तो आला की बटण सोडा, दाबत राहिलात तर तार पार गोळा होते आणि मोटरही जाते. जुन्या गाड्यांत कैचीची मशीन असते, तिथं काच एका लोखंडी पट्टीत रबर घालून ठोकून बसवलेली असते, ते रबर वाळलं की काच पट्टीतनं निसटते. यात काचेला पैसे घालायचे नाहीत. पट्टीतनं निसटली असेल तर नवीन रबर घालून किंवा पीयू सीलंटनं, म्हणजे गाडीची काच चिकटवायच्या गोंदानं, परत बसवतात, थोडक्यात काम होतं, फक्त सीलंट वाळेपर्यंत काच हलवायची नाही. घोडी तुटली असेल तर नुसती घोडी मिळते का बघा, पण तार फाटलेली असेल तर अख्खी मशीन नवीनच घ्या. जुनी मशीन भंगारातनं आणून बसवू नका असं मी स्पष्ट सांगतो, तिची तारही तेवढंच ऊन खाल्लेली असते आणि मजुरी मात्र दुसऱ्यांदा पूर्ण द्यावी लागते.

मोटरचा आवाजच येत नाही तर लगेच मोटर बदलायला निघू नका. मागच्या दाराची काच चालत नाही म्हणून आलेल्या गाडीत मी पहिल्यांदा ड्रायव्हरच्या दारावरचं लॉकचं बटण बघतो, लहान मुलांनी काच उघडू नये म्हणून जे असतं ते, पुसताना दाबलं गेलेलं असतं. मग त्याच दाराचं बटण आणि ड्रायव्हरकडचं बटण दोन्हीकडनं चालवून बघा, एकीकडनं चालते आणि दुसरीकडनं नाही तर बटण खराब, मोटर ठणठणीत आहे. दोन्हीकडनं नाही तर फ्यूज बघा. फ्यूजही बरा असेल तर दार आणि बॉडीच्या मधे बिजागरीपाशी जी रबराची नळी असते ना, तिच्यातल्या वायरी बघायला सांगा, दार उघड-झाप करून करून वायर आतल्या आत तुटते आणि वरून सगळं नीट दिसतं. याची खूण म्हणजे दार थोडं उघडून हलवत बटण दाबलं की काच मधेच चालते. ही वायर जोडायला फार खर्च नाही, पण हे न बघता मोटर बदललेल्या गाड्या मी खोललेल्या आहेत. आणखी एक, मोटरला गरमीत स्वतःहून बंद व्हायची सोय असते, मुलं काच वर-खाली खेळत बसली की ती काही मिनिटं बंदच पडते, थोडा वेळ थांबून परत बघा.

काच वर जाऊन आपोआप खाली येते, ही तक्रार एका बोटात वर जाणाऱ्या काचेच्या गाड्यांत येते. काहीतरी अडकलंय असं समजून काच मागं फिरते, मुलाचा हात सापडू नये म्हणून ती सोय दिलेली आहे. रबर घट्ट झालं, काच ज्यातनं सरकते त्या चॅनेलमधे माती बसली की तिला तेच अडकल्यासारखं वाटतं. चॅनेल साफ केल्यावर बहुतेक वेळा जातं. बॅटरी काढून लावल्यावर एका बोटात वर जाणं बंद झालं असेल तर ते बिघाड नाही, काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद ओढून धरायचं असतं, प्रत्येक गाडीची पद्धत थोडी वेगळी आहे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेली असते.

हँडलवाल्या गाडीत हँडल फिरतं पण काच हलत नाही तर आधी हँडल काढून आतले दाते बघा, प्लास्टिक झिजलेलं असतं, नवीन हँडल बसवलं की झालं.

आता चॅनेल, खरं सगळ्याचं मूळ इथं आहे आणि आपल्या सोलापुरात तर जास्तच. दाराच्या फ्रेममधे काच ज्या मखमली रबरातनं सरकते ते चॅनेल रबर, आणि खाली दाराच्या पत्र्यापाशी बाहेरच्या बाजूला जी पट्टी काचेला चिकटून असते ती बीडिंग. या दोन्हीत धूळ बसते आणि मखमलीत रुतलेली धूळ काचेवर पॉलिश पेपरसारखी चालते, काच खाली-वर झाली की उभी रेघ, रोज तिथंच, दिवसेंदिवस खोल. होटगी रोड, विजापूर रोड, जुळे सोलापुरातल्या नवीन प्लॉटिंगच्या कच्च्या रस्त्यांवर राहणाऱ्यांच्या गाड्यांत मुरमाची लाल माती असते, पूर्व भागात यंत्रमागाच्या शेजारी गाडी लावणाऱ्यांच्या चॅनेलमधनं मातीबरोबर सुताचा भुगा निघतो, तो ओला होऊन बोळा बनतो आणि काच तिरकी करतो. काच एका बाजूला झुकून वर जाते, मागच्या कोपऱ्यात फट राहते, वाऱ्याचा शिट्टीसारखा आवाज येतो, हे सगळं तिथलंच. मोटरला जास्त जोर लावावा लागतो, जोर तारेवर येतो, तार घोडीला ओढते, घोडी तुटते, आणि तुम्हाला वाटतं मशीन खराब निघाली.

साफ करायला काही लागत नाही. काच पूर्ण खाली करा, सपाट पट्टीला फडकं गुंडाळून साबणाच्या पाण्यात भिजवून चॅनेलमधनं वरपासून खालपर्यंत फिरवा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रे मारा, हलका, आणि काच चार-पाचदा वर-खाली करून आलेलं पुसून घ्या. इंजिन ऑइल, ग्रीस, खोबरेल तेल, गंज सोडवायचा स्प्रे, काही म्हणजे काही घालू नका. दोन दिवस काच पळते आणि मग त्या तेलाला दुप्पट धूळ चिकटते, शिवाय तेलानं रबर फुगून मऊ होतं. उन्हाळा सुरू व्हायच्या आधी आणि पावसाळा संपल्यावर असं दोनदा केलं तरी मशीनला मोठा आराम मिळतो. रबरच फाटलं असेल, मखमल गेली असेल तर चॅनेल बदला, काच बदलायला आलेल्या प्रत्येकाला मी म्हणतो की थोडे पैसे कमी असतील तर फिल्म राहू द्या पण चॅनेल घ्या.

ओरखड्यांचं काय? नख फिरवा. नख अडकत नसेल तर सिरियम ऑक्साइडच्या पावडरीनं पॉलिश करून बऱ्यापैकी जातात. नख अडकत असेल तर सोडून द्या, तेवढं खोल घासलं की त्या जागी काच लहरी दिसायला लागते, आरशात मागची गाडी वाकडी दिसते, आणि वर सांगितलेला दाबाचा थर जाडीच्या साधारण पाचव्या हिश्श्याएवढाच असतो, तो घासून कमी करणं बरं नाही. ड्रायव्हरच्या बाजूला आरशाच्या रेषेत खोल ओरखडे असतील, रात्री समोरच्या लाइटनं तिथं चमक पसरत असेल तर काच बदला. मागच्या दाराला असतील तर राहू द्या, दिसायला वाईट आहे एवढंच.

आणि पांढरे ठिपके ओरखडे नसतात. नळाला रोज पाणी नाही म्हणून गाड्या बोअरच्या पाण्यानं धुतो, ते जड पाणी उन्हात काचेवरच वाळतं आणि क्षार धरतात. व्हिनेगर किंवा लिंबू पाण्यात घालून फडकं थोडा वेळ चिकटवून ठेवा, मग पुसा, पत्र्यावर ओघळू देऊ नका. वर्षानुवर्षांचे असतील तर तीच सिरियमची पॉलिश. काच बदलायचं कारण नाही.

आता काच खरंच फुटली आहे आणि बदलायची आहे, तेव्हा काय बघायचं. ऊसाच्या दिवसांत ट्रॉलीतनं बाहेर आलेल्या ऊसानं, गड्डा यात्रेच्या गर्दीत होम मैदानाजवळ लावलेल्या गाडीला काही लागून, किंवा चोरट्यानं फोडून, कशीही फुटू दे, अर्धी काच दाराच्या आत पडलेली असते. ती सगळी काढायला पॅड खोलून व्हॅक्यूम मारावा लागतो आणि दार हलवून हलवून परत मारावा लागतो. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून काही जण वरवर झाडून नवीन काच सोडून देतात. मग आठवड्यात नवीन काचेवर आडवेतिडवे ओरखडे, खळखळ आवाज, तुकडा घोडीच्या रुळात अडकून मशीन जाम, आणि दाराच्या तळाला पाणी जायची जी भोकं असतात ती तुकड्यांनी आणि मातीनं बंद. पावसाळ्यात दारात पाणी साठतं, दार उघडताना डबडब वाजतं, वर्ष-दोन वर्षांत खालून गंज. त्यामुळं काच बदलताना तिथं उभं राहा आणि भोकं मोकळी झाली का विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅडच्या मागची पन्नी. दाराच्या लोखंडावर चिकटवलेला जो प्लास्टिकचा पडदा असतो तो पाणी आत गाडीत येऊ नये म्हणून आहे, पॅकिंग म्हणून नाही. काचेवरनं आलेलं पाणी दाराच्या आतनं वाहतं आणि तळाच्या भोकांतनं बाहेर जातं, पन्नी फाडली की ते पॅडवर येतं, स्पीकर भिजतो, मॅटखाली ओल धरते आणि वास मारतो. काढताना फाटली असेल तर जाड प्लास्टिकची कापून नवीन लावता येते, फक्त चारी बाजूंनी चिकटलेली पाहिजे आणि खालची कड दाराच्या पोटात गेलेली पाहिजे.

नवीन का जुनी काच, हाही प्रश्न असतो. मशीनच्या बाबतीत मी जुनं नको म्हटलं, पण काचेच्या बाबतीत म्हणत नाही. त्याच मॉडेलची भंगारातली काच कडेला टवका नसेल, ओरखडे नसतील, शिक्का असेल तर खुशाल घ्या, टफन काच जुनी झाली म्हणून कमजोर होत नाही. फक्त गाडीचं साल आणि बदललेलं मॉडेल बघा, बाहेरून सारखी दिसते पण मशीनला धरायची भोकं वेगळ्या जागी असतात. रंगही जुळवा, बहुतेक काचांना कंपनीतनंच हलकी हिरवी झाक असते आणि एकच पांढरी काच बसली की लांबनं कळतं. फिल्मचं म्हणाल तर बाजूच्या काचेतनं निदान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे असं केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या १०० व्या नियमात आहे, पुढच्या-मागच्या काचेला ७० टक्के, आणि २०१२ साली सुप्रीम कोर्टानं काळ्या फिल्मवर बंदी घातल्यापासून पोलीस अडवतात, तर नवीन काचेवर काळी फिल्म मागू नका.

दाराच्या मागं जी छोटी न उघडणारी काच असते ती गोष्ट वेगळी. काही गाड्यांत ती रबरात बसते, काहींत थेट पीयू सीलंटनं बॉडीला चिकटवलेली असते. नुसतं पाणी येत असेल आणि काच शाबूत असेल तर ती काढून परत चिकटवता येते, पण बाथरूमचं सिलिकॉन बाहेरून फासून नाही, पीयूनंच, जुनं खरवडून. चिकटवल्यावर एक दिवस गाडी फार हलवू नका आणि दुसरी काच बोटभर उघडी ठेवा, बंद गाडीत दार आपटलं की आतली हवा ओल्या सीलंटला बाहेर ढकलते. मागच्या काचेवरच्या गरम होणाऱ्या रेघांपैकी एखादी तुटली असेल तर मात्र काच बदलायची गरजच नाही, चांदीचा वीज वाहणारा रंग मिळतो, तो तेवढ्या जागी लावला की रेघ चालू होते.

विम्याचा क्लेम घ्यायचा का हे हिशेब करून ठरवा, नुसतं पॉलिसी आहे म्हणून नको. थर्ड पार्टी पॉलिसीत काचेला काहीच मिळत नाही. ओन डॅमेज म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची पॉलिसी असेल तर काचेवर घसारा धरत नाहीत, पण रबर आणि प्लास्टिकवर ५० टक्के कापतात, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १००० रुपये, त्याच्या वर २००० रुपये तुमच्या खिशातनं जातातच. समजा काच २२००, चॅनेल रबर ८००, मजुरी ५००, एकूण ३५००. रबराचे ४०० कापले, वरचे १००० कापले, हातात आले २१००. आता क्लेम घेतला की नो क्लेम बोनस शून्यावर येतो. तुमचा ओन डॅमेजचा प्रीमियम ७००० असेल आणि बोनस ४५ टक्के चालू असेल तर पुढच्या वर्षी निदान ३१५० ची सूट गेली, आणि परत २० टक्क्यांपासून चढायला वर्षं लागतात. म्हणजे इथं क्लेम तोट्याचा. चोरट्यानं दोन-तीन काचा फोडल्यात, दाराचा पत्रा पण वाकलाय, किंवा चिकटवलेली महाग काच आहे, तिथं क्लेम घ्या. तेव्हा काहीही झाडायच्या आधी फोटो काढा, चोरी असेल तर पोलिसांत तक्रार द्या, आणि आतली बॅग-लॅपटॉप साध्या गाडीच्या पॉलिसीत येत नाही हेही धरून चाला.

रस्त्यात फुटली तर हातानं तुकडे ओढू नका, फ्रेममधे उरलेले बाहेरच्या बाजूला फडक्यानं पाडा, सीटबेल्टच्या खाचेत आणि लहान मुलांच्या सीटच्या घड्यांत नक्की बघा. प्लास्टिक लावताना चिकटपट्टी पेंटवर लावून गाडी उन्हात ठेवू नका, डिंक रंगाला धरतो, प्लास्टिक दाराच्या वर घेऊन दार बंद करा म्हणजे ते दारातच धरलं जातं. काच फुटलेली नाही, नुसती खाली पडलेली आहे, तर दोन्ही तळवे आतून-बाहेरून काचेला दाबून वर सरकवायचा प्रयत्न करा, दुसऱ्यानं त्याच वेळी बटण दाबायचं, वर आली की वरच्या कडेवरनं आत-बाहेर टेप मारून ठेवा आणि बटणाला परत हात लावू नका.

काम झाल्यावर पैसे द्यायच्या आधी गाडी तिथंच चालू करून काच पाच-सहा वेळा पूर्ण वर-खाली करा, वर टेकताना दोन्ही कोपरे बरोबर बसतात का बघा. मग आरशाचं बटण, सेंट्रल लॉक, त्या दाराचा स्पीकर, सगळं चालवा, पॅड बसवताना एखादा कनेक्टर राहतोच. शेवटी पाइपनं काचेवर बाहेरून दोन मिनिटं पाणी सोडायला सांगा, पाणी दाराच्या तळातनं धार धरून आलं पाहिजे, आणि आत पॅडच्या खालच्या कडेला हात लावा, तिथं ओल लागली तर पन्नी बसलेली नाही, मग तिथंच उभं राहून परत खोलायला लावा.